येळवशीचा फोटो, दादांचा हात आणि एक जड ट्रायपॉड

अक्काचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि दादा बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. अक्का म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची थोरली बहीण. मुक्काम मंठाळ, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. तिचा आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

"नागू हाय का गं घरी? त्याला सांग, औंदा येळवशीला यायचं. आन् कॅमेरा घिऊनच यायचं. मामांनी भिताडाला दोन खिळे ठोकून ठिवलेत, दोन साल झाले रिकामेच हाएत. फोटू काढत नसशील तर येऊ बी नको म्हनावं!"

येळवस माहीत नसलेल्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, उदगीर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे आपापल्या शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, पोटाला तडस लागेस्तोवर भज्जी-आंबील खायची आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. दादा दर येळवशीला अक्काच्या शेतात जायचे आणि कोपीपुढं सगळ्या घराचा एक फोटो काढायचे. तो मोठा करून, चौकट घालून अक्काच्या पडवीत लागायचा. अशी ओळच आहे तिथं. पोरं मोठी होत जातात, सुना येतात, मामांच्या, म्हणजे अक्काच्या यजमानांच्या, मिशा पांढऱ्या होतात, मागची कोप मात्र दरवर्षी नवी.

ही ओळ दोन वर्षांपूर्वी थांबली. दादांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, वय आहे, गोळ्या घ्या. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण दादांनी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. बँकेत नोकरी करून उरलेल्या वेळात आयुष्यभर फोटो काढलेला माणूस. श्वास रोखून, कोपर पोटाशी दाबून, संध्याकाळच्या उजेडातही नुसत्या हातानं फोटो काढायचा आणि वर मिशीला ताव द्यायचा. त्याला आता चहाचा कपसुद्धा बशीशिवाय उचलता येत नव्हता.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

"शेजारच्या बिल्डिंगीनंही ऐकलं," दादा म्हणाले आणि हात पुढं केला. "पण हे बघ."

"मग ट्रायपॉड घेऊ."

"म्हणजे कॅमेऱ्याला काठी! मला चालायला काठी आणायच्या आधी कॅमेऱ्याला आणतेस होय?"

भांडण बरंच चाललं, तेवढ्यात दूध उतू गेलं. शेवटी दादा यायला कबूल झाले, पण फक्त जेवायला. कॅमेऱ्याचं त्यांनी नाव काढलं नाही. मी तो कपाटातून काढून गुपचूप माझ्या बॅगेत भरला आणि रात्री जेवणं झाल्यावर ट्रायपॉड शोधायला बसले.

इथं माझी पहिली चूक झाली. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात ना, ट्रायपॉड कुठला घेऊ, तर आधी हे वाचा. मी भाजीची पिशवीसुद्धा दोन हातांत वाटून घेणारी बाई. मी काय बघणार? वजन! हलका, पाच टप्प्यांत उघडणारा, मिटला की पाण्याच्या बाटलीएवढा, वर गोटीसारखं फिरणारं बॉल हेड. हजारभर लोकांनी कौतुक केलेलं. प्रवासाला उत्तम, असं सगळीकडे लिहिलेलं. दोन दिवसांत घरी आला. दादांनी तो दोन बोटांत उचलून बघितला आणि "हं" म्हणाले. त्या "हं"कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

आम्ही येळवशीच्या तीन दिवस आधी पुण्याहून गाडीनं निघालो. सरळ मंठाळ गाठायचं तर सोलापूर-उमरगा महामार्ग सोपा. पण मला दादांचा हात आधी कॅमेऱ्यावर बसवायचा होता, म्हणून मी वाट वाकडी केली. सोलापूरला शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली, अक्कलकोट मागं टाकलं आणि आळंदवरून कलबुर्गीकडे निघालो. आळंदपर्यंत रस्ता मधूनमधून उखडलेला आहे, घाई करू नका. दोन्ही बाजूंना तूर कमरेच्या वर आलेली, शेंगांनी वाकलेली. पाट्यांवरची लिपी बदलते आणि त्याबरोबर आमच्या दादांची भाषाही बदलते. पुण्यात "काय करतोयस" म्हणणारा माणूस आळंदच्या चहाच्या टपरीवर उतरला आणि म्हणाला, "काय करायलाव अण्णा, चा हाय का?" मला हसू आवरेना.

"हसायलीस कामून?" म्हणाले. मग स्वतःही हसले.

कलबुर्गीला, म्हणजे जुन्या माणसांच्या गुलबर्ग्याला, स्टेशनजवळ एक साधं लॉज घेतलं. खाली खानावळ होती. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई आणि शेंगदाण्याची पोळी, तिला तिकडे शेंगा होळिगे म्हणतात. दोघांचं पोटभर जेवण पुण्यातल्या एका थाळीच्या किमतीत झालं. ऊन कलल्यावर किल्ल्यात गेलो. आतली मोठी मशीद बघून घ्या, अंगणच नाही तिला, सगळी छताखाली, कमानींमागे कमानी. तिथं सावलीत दादा रमले. मग आम्ही लांबलचक तोफ ठेवलेल्या बुरुजावर चढलो आणि मी मोठ्या हौसेनं ट्रायपॉड काढला.

वारा होता. फार नाही, पदर सावरावा लागेल एवढाच. दादा उंच, म्हणून मी पाचही टप्पे उघडले आणि वर मधला दांडाही पूर्ण ताणला. शेवटचे टप्पे बोरूएवढे बारीक. कॅमेरा बसवला तर सगळं प्रकरण शेवग्याच्या शेंगेसारखं डुलायला लागलं. दादांनी तरीही डोळा लावला. खालचं शहर जरा वर घ्यावं म्हणून त्यांनी हेडची ती एकच चावी सैल केली आणि कॅमेऱ्याचं नाक धाडकन खाली आलं. बॉल हेडचं असंच असतं, एक चावी सोडली की सगळ्या दिशा एकदम सुटतात. ज्याचा हात स्थिर आहे तो दुसऱ्या हातानं पेलतो. दादा पेलायला गेले, हात थरथरला, ट्रायपॉड कलला आणि मी झेप घालून तो धरला नसता तर आमचा कॅमेरा बुरुजावरून थेट खंदकात गेला असता.

"अंकल, संभाळून," शेजारचा एक पाहुणा म्हणाला. तो चांगल्या मनानं म्हणाला, पण दादांचा चेहरा पडला.

"बॅगेत घाल ते," दादा म्हणाले. "अक्काला सांगू, कॅमेरा बिघडला."

दुसऱ्या दिवशी हुमनाबादमार्गे बीदर. रस्ता झकास, गाडी पळते. दादा खिडकीबाहेर बघत होते. मी बोलत होते, ते हं हं करत होते. खरं सांगते, मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. दादांचा नाही, त्या हजारभर कौतुक करणाऱ्यांचा. अरे, कुणीतरी लिहा की, की हा ट्रायपॉड बंद खोलीत लाडू-चिवड्याचे फोटो काढायला आहे!

बीदरला आम्ही नौबादला उतरलो. शहरापेक्षा निवांत, गाडी लावायला जागा, खोली स्वच्छ. जवळच जमिनीखालून पाणी नेणारा जुना कारेझ आहे, तो बघायला मिळाला तर बघा. दादांना अंघोळ करून पडायचं होतं. मी म्हटलं, पडा नंतर, आधी जुन्या गावात चला, मला एक दुकान शोधायचंय. महमूद गवानच्या जुन्या मदरशाकडून आत गल्लीत विचारत विचारत एका जुन्या फोटो स्टुडिओत पोचलो. काचेत कधीच्या नवरा-नवरींचे फोटो, मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा. गल्ल्यावर एक चाचा होते.

"ट्रायपॉड आहे का? जुना चालेल. भक्कम पाहिजे."

चाचांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "ये क्या है?"

मी त्यांना माझा बाटलीएवढा ट्रायपॉड दाखवला. त्यांनी उघडला, वरून तळहातानं जरासा दाबला आणि तो कुरकुरला.

"अम्मा, हल्का होना बोले तो मोबाइल लेके फिरो ना," चाचा म्हणाले. "इसकू कायकू तकलीफ देते?"

दादा दाराशी उभे होते. ते फस्सकन हसले. बुरुजावरून उतरल्यापासून पहिल्यांदा हसले, तेही माझ्यावर, पण म्हटलं चालेल.

चाचांनी माळ्यावरून एक अवजड धूड खाली काढलं. ॲल्युमिनियमचं, तीन टप्प्यांचं, पाय माझ्या मनगटाएवढे. लग्नाच्या व्हिडिओचा जमाना होता तेव्हाचं. वर हेडला तीन दांड्या होत्या. दुकानात मागायचं झालं तर थ्री-वे किंवा पॅन-टिल्ट म्हणून मागा. मी आमचा कॅमेरा त्यावर चढवला. दादा नको नको म्हणत स्टुलावर बसले आणि सवयीनं एक दांडी हातात घेतली. ती सैल केली. कॅमेरा फक्त वर-खाली झाला. आवळली. दुसरी सैल केली, फक्त डावी-उजवीकडे. तिसरीनं आडवा तिरका. एका वेळी एकच दिशा सुटत होती आणि बाकी सगळं जागच्या जागी. लांब दांडीवर दादांचा हात थरथरत होता, पण दांडी आवळली की थरथर दांडीपाशीच संपत होती. कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नव्हती.

दादा बराच वेळ दांड्या फिरवत राहिले. धबधब्याच्या पडद्यावर डोळा लावून खेळत बसले. चाचा आणि मी चहा प्यायलो.

"ह्येच घिऊ," शेवटी दादा म्हणाले. माझ्या हलक्या ट्रायपॉडच्या निम्म्याहून कमी पैशांत ते धूड आमचं झालं. चाचांनी कॅमेरा जिच्यावर बसतो त्या प्लेटचा झिजलेला स्क्रू बदलून दिला, वर कापडी पट्टा दिला, आणि माझा बाटलीएवढा ट्रायपॉड परत माझ्याच हातात ठेवला.

तेव्हा ट्रायपॉड घेताना काय बघायचं, ते आता माझ्या अनुभवातून सांगते. पूर्ण उघडून, मधला दांडा न उचलता, तो तुमच्या डोळ्यापर्यंत येतो का ते बघा. मधला दांडा म्हणजे शेवटचा उपाय, रोजची उंची नव्हे. टप्पे जितके कमी तितके पाय जाड राहतात. वरून दोन्ही हातांनी दाबा, मग हेड धरून पिळून बघा. कुठं कुरकुरलं किंवा घसरलं तर पुढच्या दुकानात जा. तुमचा सगळ्यात जड कॅमेरा बसवून, आवळून, हात सोडा आणि नाक हळूहळू खाली येतंय का ते बघत उभे रहा. आणि हेड निवडताना दुसऱ्याचं कौतुक वाचू नका, ज्याच्या हातात ते जाणार आहे त्याचा हात बघा. बॉल हेड वाईट नाही. पळत्या काळविटामागे मी आजही तेच घेईन. पण सावकाश, एकेक गोष्ट बसवत फोटो काढणाऱ्याला ह्या दांड्या सोन्यासारख्या आहेत.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर आम्ही अष्टूरला गेलो. बीदरपासून जवळच, बहामनी सुलतानांच्या कबरी. शेतांच्या कडेला घुमट ओळीनं उभे आहेत. त्यातला एक वीज पडून अर्धा उघडा पडलाय, कापलेल्या कलिंगडासारखी आतली बाजू दिसते. तिथं वारा किल्ल्यावरच्यापेक्षा जास्त होता. मी दगड भरलेली पिशवी ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला लटकवली तर ती झोके घ्यायला लागली. दादा म्हणाले, पट्टा वाढव, पिशवी जमिनीला टेकू दे. टेकवली, आणि धूड खांबासारखं उभं राहिलं. दादांनी दांड्या फिरवत तो अर्धा घुमट चौकटीत बसवला. दोन सेकंदांचा टायमर लावला, बटण दाबलं आणि हात मागं घेतला. कॅमेऱ्यानं आपला आपण फोटो काढला.

मागच्या पडद्यावर त्यांनी तो मोठा करून बघितला. एकेक वीट सुटी दिसत होती. मी तिकडे वळून उगाच पाण्याची बाटली शोधत बसले.

"आता येळवशीचा काढाल ना?" मी विचारलं.

"कबरी हलत नाहीत, मीरा," दादा म्हणाले. "माणसं हलतात. बघू."

येळवशीच्या दिवशी सकाळीच बीदर सोडलं. रस्त्यानं नुसती वर्दळ. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, आणि प्रत्येकीवर कुणाच्या तरी डोक्यावर टोपली. मंठाळला घरी कुलूपच होतं, आम्ही थेट शेतात गेलो. अक्का बांधावर कमरेवर हात ठेवून उभी.

"आलास व्हय रे नागू! हितं सूर्य डोक्यावर याय लागला आन् तू आता यायलास? कॅमेरा?"

"आणलाय," मी घाईनं म्हटलं. दादांनी माझ्याकडे बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत. अक्कानं त्यांचा हात बघितला होता. आंबिलीचा तांब्या तिनं त्यांच्या डाव्या हातात दिला.

अक्काच्या सासरचे लोक मुळात मेंढपाळ. आता मेंढ्या चारच उरल्यात, बाकी सगळी शेती. हरभरा, ज्वारी, मधे करडई. कोप उभी झाली होती, पण पूजा व्हायची होती. मी म्हटलं, तोवर ट्रायपॉड लावून ठेवू. लावला, आणि बघता बघता एक पाय खाली गेला. काळी माती वरून भेगाळलेली दिसते, आतून भुसभुशीत. धूड जड, त्यामुळे ते जास्तच रुतायला लागलं. पायाखाली काहीतरी सपाट पाहिजे होतं. काळ्या रानात दगड शोधणं म्हणजे दिव्यच. पण माझं नशीब बघा, कोपीच्या मागं धुऊन ठेवलेले छान चपटे दगड सापडले. मी त्यातले तीन उचलले आणि एकेका पायाखाली सरकवले. धूड हललं नाही. मी स्वतःवरच खूश होऊन भज्जीच्या पातेल्याकडे वळले.

थोड्या वेळानं अक्का चुन्याची वाटी घेऊन कोपीत वाकली आणि बाहेर येऊन गरजली.

"माजे पांडव कुठं गेले?"

सगळे उठले. सुना, पोरं, मामा, बांधावरून जेवायला आलेले दोघं-तिघं पाहुणे, सगळे पांडव शोधायला लागले. "दोनच हाएत! तिघं कुठं गेले?" मीही शोधत होते, देवा शप्पथ! मामांनी शेवटी काठीनं ट्रायपॉडच्या पायाकडे दाखवलं.

"ते काय. तिघं फोटूला जाऊन हुबारलेत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कान धरले, अक्काच्या पाया पडायला गेले. सगळं रान हसत होतं, दादा तर डोळे पुसत होते.

"ऊठ पोरी," अक्का म्हणाली. "चुना लागला न्हाई आजून त्यास्नी. चुना लागला की पांडव, तवर दगडच. आन हिकडं."

मी तिन्ही दगड धुऊन परत दिले. त्यांना चुना लागला, पूजा झाली, चरगा, म्हणजे नैवेद्याचे घास, शिंपडत सगळ्यांनी शेताला फेरी मारली आणि पंगत बसली. भज्जीबद्दल मी काय सांगू! तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मिळतील त्या भाज्या, बेसन, चिंच, सगळं एका पातेल्यात. त्यावर तिळाची भाकरी, बाजरीचे उंडे आणि गार आंबील. एक सूचना, पहिल्या वाढणीला "बास" म्हणायला लागा, तेव्हा कुठं तिसरीला ऐकलं जातं.

आता फोटो काढू, असं मी दर थोड्या वेळानं म्हणत होते आणि दर थोड्या वेळानं बांधावरून कुणीतरी जात होतं. "ओ अण्णा, जेवून जावा!" की बसलेला माणूस उठायचा, वाढायला पळायचा. चौघं कोपीपुढं उभे राहिले की पाचवा आंबील आणायला गेलेला. ऊन कललं, मग पिवळं झालं, मग विझायला लागलं. दादा ट्रायपॉडशेजारी बसून होते. मला धास्ती वाटायला लागली, कारण उजेड कमी म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहणार, आणि कुणीही हललं की फोटो हलणार. आज राहिला तर दादा पुन्हा कॅमेरा हातात घेणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिन्हीसांजेला कोपीपुढं शेणी पेटवून अक्कानं मडक्यात दूध ठेवलं. ते उतू गेलं की येळवस संपली. दूध उतू गेलं, सगळ्यांनी हात जोडले, आणि तेवढ्यापुरतं सगळं घर एका जागी आलं.

"आता," दादा म्हणाले आणि उठले.

ट्रायपॉड पुन्हा रुतला होता. दगड तर पांडव झालेले. अक्कानं पंगतीतल्या तीन ताटल्या उचलल्या, पुसल्या आणि उपड्या टाकल्या. "घे, ह्या देव न्हाईत." त्यावर धूड बसलं. दादांनी दांड्या फिरवल्या, एकेक करून आवळल्या. सगळ्यांना उंचीप्रमाणं सरकवलं. जुना आवाज लागला होता त्यांचा. "मामा, मान वर. पोरांनो, मी म्हणेपर्यंत श्वास रोखा."

"आन् तू?" अक्का म्हणाली.

"मी काय? मी काढायलाव की."

"भिताडावर इतके फोटू हाएत, एकात तरी हाएस का तू? ते तीन पायाचं कशाला आनलंस मग? ते काढंल. तू ये हिकडं."

दादा कॅमेऱ्याकडे वळले. मग त्यांनी टायमर दहा सेकंदांवर लावला, बटण दाबलं आणि निघाले. काळ्या ढेकळांतून दहा सेकंदांत माणूस किती जाणार? पहिल्या फोटोत दादांची पाठ आली. दुसऱ्यात ते मध्येच ढेकळावर अडखळलेले. मागं उजेड जातच होता.

"पळू नगंस रे," अक्का म्हणाली. ती ओळीतून निघाली, सगळ्यात अलीकडच्या टोकाला येऊन उभी राहिली आणि तिनं हात लांब केला. "दाब आन् नुसता चल. मी वडते तुला."

दादांनी बटण दाबलं. दोन ढांगा, तीन ढांगा, आणि अक्कानं त्यांचा हात पकडून त्यांना ओळीत ओढून घेतलं. "श्वास!" दादा ओरडले. सगळं रान गप्प झालं. कॅमेरा वाजला.

परतीला आम्ही उमरगा-सोलापूरचा सरळ रस्ता धरला. धूड मागच्या सीटवर आडवं पडलं होतं, पायांना अजून काळी माती. हलका ट्रायपॉड आता माझ्या टेबलावर असतो, मोबाइल लावून पाककृती बघायला. चाचा म्हणाले तेच खरं.

घरी आल्यावर दादांनी तो फोटो संगणकावर उघडला. कोपीच्या कडब्याची पाती न् पाती दिसत होती. मामांच्या मिशा, सुनांचे पदर, शेणींचा विस्तव, पोरांचे फुगवलेले गाल, सगळं लख्ख. कॅमेरा केसभरही हलला नव्हता. पण दादांचं बोट टोकाला गेलं. तिथं त्यांचा उजवा हात होता, नुसता धुरकट पट्टा झालेला. आणि त्यात गुंतलेला अक्काचा हातही तसाच, तिच्या बांगड्यांसकट हललेला. बाकी अक्का दगडासारखी स्थिर होती. तिनं हात सोडला नव्हता, एवढंच.

"हा गेला," दादा म्हणाले. "हात हलला."

मी म्हटलं, अक्काला पाठवून तर बघू. पाठवला. चार दिवसांनी फोन आला, आणि मी तो सवयीनं हातभर लांब धरला. पण या वेळी आवाज हळू होता.

"नागू, चौकट केली रे मामांनी. खिळ्याला लावला बी."

"अक्का, हात हललाय त्यात. माझ्यामुळं तुझा बी हलला."

"व्हय, बघितला की. माजा हाय ते वळखू बी आलं न्हाई आधी. असू दे."

फोन ठेवल्यावर दादांनी तो फोटो पुन्हा उघडला. मी म्हटलं, पुढच्या वेळी एक दिवा लावू, शटर जलद ठेवता येईल, मग हात स्थिर येईल.

"नको," दादा म्हणाले. "मग अक्कानं धरलाय ते कळणार नाही."

त्यांनी ट्रायपॉडच्या पायांची माती पुसायला ओलं फडकं घेतलं आणि बाल्कनीत जाऊन बसले.